जुन्या कप्प्यातली स्थळं

जुनं

"फिरतंय?" खराडेकाकूंनी विचारलं.

"फिरतंय," मी म्हणाले.

पडद्यावरचं गोल चक्र फिरत होतं आणि समोरच्या बाकावर तासगावहून आलेलं एक जोडपं मुलाचा फोटो मांडीवर धरून बसलं होतं. त्यांच्यामागे आणखी काही आईबाप. काकूंच्या वधू-वर केंद्राच्या खाली पिठाची गिरणी होती. ती चालू झाली की वरची फरशी थरथरायची आणि सगळ्यांच्या मांडीवरचे मुलगे-मुली एका तालात हलायचे.

"मुलगी बी.एस्सी. पाहिजे, सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागातली. एवढंच विचारलंय मी त्याला," काकू म्हणाल्या. "एव्हाना मी डोक्यातून काढून दिली असती."

"मग द्या की," फोटो धरलेला बाप म्हणाला.

"अहो, मग कॉम्प्युटर कशाला घेतला म्हणून तुम्हीच विचाराल."

कोपऱ्यात माझी त्रिशलाआत्या स्टोव्हवर चहा करत होती. आत्या आणि काकू शाळेतल्या मैत्रिणी. एका बाकावर बसून दोघी एकाच गणितात नापास झालेल्या. आत्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची आणि रविवारी सुट्टी म्हणून इथं येऊन चहा करायची. मला इथं आणलं होतं तिनंच. मी पुण्यातली नोकरी सोडून सांगलीला घरी येऊन बसले होते आणि आत्याचं म्हणणं, बसायचंच असेल तर जिथं खुर्ची आहे तिथं बस.

दुखणं शोधायला मला वेळ लागला नाही. केंद्र सुरू झाल्यापासूनची सगळी स्थळं एकाच टेबलात होती. टेबल म्हणजे माहितीचा लांबलचक तक्ता, एका माणसाची एक ओळ. कुठलंही स्थळ शोधायचं तर कॉम्प्युटर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यांना विचारत जायचा. आणि ओळ कधी पुसली जायची नाही. कारण लग्न ठरलं की लोक केंद्राला कळवत नसत, दृष्ट लागते म्हणून. आणि लग्न झालं की कळवायचं कारणच उरायचं नाही. त्यामुळे कोण अजून वाट बघतंय आणि कुणाची पोरं शाळेत जायला लागली, हे त्या टेबलाला ठाऊक नव्हतं, आणि काकूंनाही.

"पार्टिशन करायचं, म्हणजे कप्पे," मी काकूंना सांगितलं. "टेबल एकच, पण आत दोन कप्पे. हल्लीची स्थळं एकात, जुनी दुसऱ्यात. शोधताना फक्त हल्लीच्या कप्प्यात बघायचं. जुनं फेकायचं नाही, पण रोज उचकटायचंही नाही."

"म्हणजे रोजची भांडी ओट्यावर आणि कार्याची पातेली माळ्यावर."

"अगदी."

"मग एवढं पार्टिशन-बिर्टिशन कशाला म्हणतेस? माळा म्हण." काकूंनी थोडा विचार केला. "तीन वर्षं. तीन वर्षांच्या आत नोंदणी झाली असली तर ओट्यावर. त्याच्या पलीकडे कोण राहतंय बिनलग्नाचं."

कोपऱ्यात चहाचं पातेलं जरा जोरात आपटल्यासारखं वाटलं. पण गिरणीच्या आवाजात तसं काहीही वाटू शकतं.

जुनं

पुढच्या रविवारी चक्र फिरलंच नाही. काकू बटण दाबायच्या आणि नावं हजर. बाकावरचे लोक अवाक झाले. एका बाईंना तर हे इतकं पटकन येतंय म्हणजे खोटं असणार अशी शंका आली.

दुपारी इचलकरंजीचे एक गृहस्थ आले. यंत्रमागाचे सुटे भाग विकायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. इस्त्रीचा शर्ट, बोलायला संकोची. म्हणाले, "आमच्या समाजातली, चाळिशीच्या पुढची, शक्यतो नोकरी करणारी. सांगली-मिरजेची असली तर बरं. फार शिकलेली नसली तरी चालेल, पण बोलकी हवी. घरात फार शांतता आहे हो."

काकूंनी सगळं भरलं. बटण दाबलं.

"एकही स्थळ उपलब्ध नाही," काकूंनी वाचलं.

"एकही नाही?"

"क्षणात सांगितलं बघा," काकू म्हणाल्या. त्यांना वेगाचा अभिमान आवरेना.

गृहस्थ उठले. त्यांच्या हातातला रिकामा कप आत्यानं घेतला. "साखर कमी झाली होती का?" तिनं विचारलं. ते नाही म्हणाले, नमस्कार केला आणि नाव-नंबर न ठेवताच जिना उतरून गेले.

आत्या कप विसळत म्हणाली, "छान चालतंय की गं तुझं, सुरभी."

मी तिच्याकडे बघितलं. समाजातली, चाळिशीच्या पुढची, सांगलीची, नोकरी करणारी, आणि बोलकी किती ते विचारूच नका. तिची नोंद आजोबांनी केली होती. आजोबा जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"काकू," मी म्हणाले, "आत्या कुठल्या कप्प्यात आहे?"

काकूंनी कपाळावर हात मारला. आत्या मात्र हसत होती. "माळ्यावर," ती म्हणाली. "काथवटीच्या शेजारी. मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं बघू, पोरीच्या ध्यानात येतंय का."

चालू

काल आत्याचा फोन होता. मी आता परत पुण्यातच असते, एका मोठ्या कंपनीत, आणि अजूनही पोटापाण्यासाठी टेबलांचे कप्पेच करते. विम्याचे, विजेच्या मीटरांचे, कशाकशाचे.

"अजून तेच करतेस?" तिनं विचारलं.

"तेच."

"आणि रेघ कुठं मारायची ते कोण ठरवतं?"

"ज्यांचं टेबल आहे ते ठरवतात. मी फक्त विचारते."

"काय विचारतेस?"

मी सांगणार तेवढ्यात तिच्या मागं म्हैस ओरडली, मग कुणीतरी म्हशीवर ओरडलं, आणि आत्या म्हणाली, "ठेवते गं," आणि ठेवून दिला. ती फोन नेहमी असाच ठेवते.

जुनंच

आमच्या घरात त्या वर्षी काय चाललं होतं ते सांगायला हवं. माझ्या भावानं पुण्यात वाकडला फ्लॅट घेतला होता. दिवाळीनंतर सांगलीतलं घर विकून अप्पा आणि आई तिकडे जाणार होते. आणि त्रिशलाआत्याही. ते अप्पांनी ठरवलं होतं. ती एकटी इथं कशी राहणार, हा त्यांच्या दृष्टीनं प्रश्नही नव्हता, उत्तरच होतं. अप्पा वाईट नव्हते. ते बहिणीला आयुष्यात कधी टाकून बोलले नव्हते. पण त्यांनी तिला विचारलंही नव्हतं.

"फ्रीज, कपाट, त्रिशला," आत्या बोटांवर मोजत म्हणायची. "याच क्रमानं टेंपोत चढणार बघ."

"तू सांग की अप्पांना, मला यायचं नाही म्हणून."

"मग ते विचारतील, का? माझ्याकडे काय आहे सांगायला? लॅब आहे. तिथली बाई म्हणते, पुण्यात ढिगानं लॅब आहेत. खरंच आहे."

आत्यानं तरुणपणी दोन स्थळं नाकारली होती आणि पाच-सहा स्थळांनी तिला नाकारलं होतं. त्यात विशेष काही नाही, सगळ्यांचं असंच होतं. पण मग आजोबा गेले आणि तिच्यासाठी विचारायला जाणारं माणूस संपलं. ती कुणाची नावडती नव्हती. तिचा विषय निघायचा थांबला होता, इतकंच.

म्हणून इचलकरंजीचे गृहस्थ गेले त्या आठवड्यात मी काकूंना म्हणाले, "सोपं आहे. आत्याच्या नोंदणीची तारीख बदलते. आजची घालते. ती आपोआप हल्लीच्या कप्प्यात येईल."

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या.

"तुमची मैत्रीण आहे ती."

"म्हणूनच सांगते. हे बघ, माझ्याकडे वय कमी करून सांगतात, उंची वाढवून सांगतात, पगाराचं तर बोलूच नकोस. एकानं स्वतःच्या भावाचा फोटो दिला होता. या सगळ्यात एक नोंदणीची तारीख तेवढी खरी, कारण ती मी घालते. ती खोटी केली तर माझ्याकडे राहिलं काय?"

मी आत्याकडे बघितलं. ती शेंगा सोलत होती.

"शकूचं बरोबर आहे," ती काकूंकडे बघत म्हणाली. "आणि मला एकटीला काय खाली काढतेस? माझ्याबरोबर माळ्यावर कोण कोण आहे ते तरी बघा आधी. असतील की माझ्यासारखे कुणी. त्यांचं काय?"

"ते कळणार कसं?" काकू म्हणाल्या. "सगळा गठ्ठा तसाच पडलाय."

"कसं म्हणजे? फोन आहे ना समोर."

फोन

आत्या लॅबमधून दुपारी सुटली की केंद्रात यायची. फोन पुढ्यात ओढायची. मी जुन्या कप्प्यातली नावं वाचायची, ती नंबर फिरवायची. तिचं वाक्य ठरलेलं होतं : नमस्कार, सांगलीच्या अनुबंध केंद्रातून बोलतेय, तुमची नोंद आहे आमच्याकडे, ठेवायची का काढायची?

*

"कुठली नोंद? अहो माझी मुलगी दहावीला आहे."

"मग तिची करू का, पाच-सात वर्षांनी?"

"ठेवा फोन."

*

"हा नंबर आता सिमेंटच्या दुकानाचा आहे."

"दुकानात कुणी लग्नाचं आहे का?"

"मालक आहेत. पण त्यांचं झालंय."

*

"हळू बोला जरा. मिस्टर झोपलेत. आमचं तुमच्याकडूनच जमलं होतं ना, तुम्हाला नाही का कळवलं?"

"नाही."

"अय्या. लाडू तरी द्यायला हवे होते."

*

"ठेवायची का? म्हणजे अजून कुणी विचारतंय?"

"मी विचारतेय ना."

(पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज. मग हलकेच :) "ठेवा मग."

*

"मुलगा का? तो गेला हो. गेल्या वर्षी. अपघात झाला."

आत्यानं फोन ठेवला. मी विचारलं, काढायची का नोंद? ती म्हणाली, काढ, पण नंबर मला लिहून दे. पुढे ती त्या आईला अधूनमधून फोन करत राहिली. काय बोलायच्या दोघी, ते मी कधी विचारलं नाही.

*

"काढा. मी लग्न करणार नाही असं ठरवलंय."

"बरं केलंत. सुखी राहा."

"...तुम्ही समजावणार नाही?"

"नाही बाई. वेळ नाही, अजून पुष्कळ नावं आहेत."

*

यातली बहुतेक स्थळं लग्न होऊन गेलेली होती. पण मधेच एखादं माणूस निघायचं जे तिथंच उभं होतं, आपण जुन्यात गेलोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जत तालुक्यातला एक शिक्षक. मिरजेतली एक नर्स. गडहिंग्लजचे दोघे भाऊ, एकमेकांसाठी थांबलेले. आत्या त्यांच्याशी जरा जास्त बोलायची. फोन ठेवताना तिचा आवाज पहिल्यापेक्षा वेगळा असायचा, आणि त्यांचाही, मला बाजूला बसून ऐकू यायचं तेवढ्यावरून.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी काकूंना म्हणाले, "आपली रेघ चुकीच्या जागी आहे."

"तीन वर्षं कमी पडतात का? पाच कर."

"वर्षांचा प्रश्न नाही. आपण नोंदणीच्या तारखेवर कप्पे केले. ती तारीख कधी बदलतच नाही. त्यामुळे माणूस एकदा जुन्यात गेला की गेला. त्याऐवजी दुसरी तारीख धरू. शेवटचं बोलणं कधी झालं, ती. नोंदणीची तारीख तशीच राहील, खरी. पण कप्पा ठरेल तो शेवटच्या बोलण्यावरून."

काकूंना पटायला जरा वेळ लागला. मग त्यांनी अट घातली. बोलणं म्हणजे खुद्द त्या माणसाशी. आई-बाप, भाऊ-वहिनी यांनी सांगितलेलं धरायचं नाही. "निम्म्या नोंदी तर पोरांना न विचारता केलेल्या असतात," त्या म्हणाल्या. "आणि विचारणारं माणूसही घरचं नको. घरच्यांना काय उत्तर द्यायचं ते सगळ्यांचं पाठ असतं."

मी टेबल नव्यानं बांधलं. तक्त्यात एक रकाना वाढवला, शेवटचं बोलणं. मग जतच्या शिक्षकाच्या ओळीत आजची तारीख घातली. अशा टेबलाची एक गंमत असते. ज्या तारखेवर कप्पे केलेत ती बदलली की ओळ स्वतःच उठून दुसऱ्या कप्प्यात जाते, आपण हलवावी लागत नाही.

"उतरला?" काकूंनी विचारलं.

"उतरला."

आत्या खुर्चीतून उठून पडद्यापाशी आली. शिक्षकाचं नाव चालू स्थळांत होतं. "बघू दे," ती म्हणाली आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत चष्मा ओढून बराच वेळ त्या एका नावाकडे बघत राहिली.

"आता तुझं," काकू म्हणाल्या. "मी करते की फोन तुला, इथं बसल्या बसल्या."

"तू कशाला विचारतेस? तुला उत्तर ठाऊक आहे."

"आहेच ठाऊक."

"तुला आहे," आत्या म्हणाली. "मला नाही." आणि मला म्हणाली, "पुढचं नाव सांग."

पुढचं नाव

पुढचं नाव भूपाल शिरगुप्पे होतं. कुरुंदवाडचे, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे. नोंद फार जुनी.

"नमस्कार, सांगलीच्या अनुबंध केंद्रातून बोलतेय, तुमची नोंद आहे आमच्याकडे..."

"थांबा जरा, म्हैस सोडतो," पलीकडून आवाज आला. मग खुरांचे आवाज, एक ठेवणीतली शिवी, आणि पुन्हा तोच आवाज, आता शांत. "हां, बोला. कुणाची नोंद?"

"तुमची. लग्नासाठी. ठेवायची का काढायची?"

"ठेवून काय करता?"

"कुणी विचारलं तर दाखवतो."

"इतक्या वर्षांत दाखवली का कुणाला?"

"कुणाला नाही. आधी गर्दीत दबली होती, आता जुन्या कप्प्यात आहे."

"म्हणजे मला वाटायचं नकार येताहेत, आणि खरं तर कुणी बघतच नव्हतं." ते हसले. "हे बरंय की. नोंद ठेवा, पण फोटो बदला. त्या फोटोत केस आहेत."

आत्या फोनवर हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"तुम्ही तिथं नोकरीला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मैत्रिणीचं केंद्र आहे. मी असंच बसते."

"हौस म्हणून?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. आत्या म्हणाली, "माझी पण नोंद आहे इथं. जुन्यातच."

"मग तुम्हाला कुणी फोन केला?"

"मी कशाला मला फोन करू?"

"तसं नाही, दुसऱ्या कुणी..."

"फोटो पाठवून द्या," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, "पुढचं नाव." तिचे कान लाल झाले होते. मी पुढचं नाव वाचलं. तो नंबर बंद होता.

जुनं, पण ठळक

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा काकूंनी उचलला. ऐकलं, भुवया वर नेल्या आणि रिसीव्हर आत्याकडे धरला. "कुरुंदवाड."

"फोटोचं विचारायचं असेल," आत्या म्हणाली. "तूच सांग."

"फोटोचं नाहीये."

खाली गिरणी थांबलेली होती, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. मी पडद्याकडे बघत राहिले. काकू रद्दी आवरायला लागल्या, तीच रद्दी पुन्हा पुन्हा.

"काल तुम्ही उत्तर दिलं नाही," शिरगुप्पे म्हणाले. "मी सकाळपासून विचार करतोय. इतक्या लोकांना तुम्ही विचारता आणि तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. हे काही बरोबर वाटत नाही. मी विचारलं तर चालतं का? का माणूस तुमच्या ऑफिसचंच लागतं?"

आत्यानं काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. घरचं नको, एवढीच अट होती.

"चालतं," आत्या म्हणाली.

"मग नमस्कार. मी कुरुंदवाडच्या जनावरांच्या दवाखान्यातून बोलतोय. तुमची नोंद आहे म्हणे. ठेवायची का काढायची?"

आत्या रोज माणसांच्या हातावर शीर शोधायची. पोरं रडायची, मोठी माणसं तोंड फिरवायची, आणि ती बोलत बोलत सुई घालून मोकळी व्हायची. त्या दुपारी ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"विचार करायला वेळ पाहिजे तर घ्या," पलीकडून आवाज आला. "मी काही लगेच स्वतःसाठी विचारत नाहीये. नुसतं ठेवायची का, एवढंच. नंतर मला नाही म्हणालात तरी चालेल."

"तुम्हाला कशाला नाही म्हणू? तुम्ही अजून काही विचारलेलं नाही."

"तेच म्हणतोय मी."

"ठेवा," आत्या म्हणाली.

"काय?"

"ऐकू कमी येतं का तुम्हाला? ठेवा म्हटलं. नोंद ठेवा. मला अजून... ठेवायची आहे."

मी तारीख घातली. ओळ उठली आणि चालू कप्प्यात जाऊन बसली. काकूंनी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आत्या अजून फोनवरच होती. आता विषय म्हशींना होणाऱ्या कुठल्याशा रोगावर गेला होता आणि ती सांगत होती की रक्त तपासल्याशिवाय तुम्ही औषध देताच कसं.

कुठल्याच कप्प्यात न बसणारं

ती एकदा कुरुंदवाडला जाऊन आली. एकटी, एस.टी.नं. शिरगुप्पे स्टँडवर न्यायला आले होते, पण वाटेतच एका वस्तीवरून बोलावणं आलं म्हणून दोघं तिकडे गेली. एका वासराच्या पायाला जखम होती. त्यांनी पट्टी बांधली, आत्यानं पाय धरला. मग एका हॉटेलात भजी खाल्ली. हेच त्यांचं बघणं.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"हात चांगला आहे. वासरू ओरडलं नाही." मग जरा वेळानं, "टक्कल आहे."

"ते तर त्यांनीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं त्याहून जास्त आहे."

दुसऱ्यांदा भेटली तेव्हा ती दोघं भांडली, शिरगुप्पेंच्या आईनं इतक्या वर्षांत मुलाला पोळी करायला शिकवलं नाही यावरून. तिसऱ्यांदा शिरगुप्पे सांगलीला आले, केंद्रात चहा प्यायले, आणि काकूंना म्हणाले की साखर जास्त आहे. आत्यानं तो चहा केला होता. तिनं दुसरा करून दिला नाही.

दिवाळी होऊन गेली. घराचा व्यवहार झाला. टेंपो आला त्या सकाळी अप्पा अंगणात उभे राहून हमालांना सांगत होते, काय आधी आणि काय नंतर. फ्रीज चढला. कपाट चढलं. मग दोघांनी आत्याची पत्र्याची ट्रंक उचलली.

"ती ट्रंक राहू दे," आत्या ओसरीवरून म्हणाली.

हमाल थांबले. अप्पांनी वळून बघितलं. "का गं?"

"मी इथंच गावभागात खोली बघितली आहे, दादा. लॅबपासून जवळ. मालकीणबाई चांगल्या आहेत."

अप्पा ओसरीच्या पायरीपाशी आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "लग्न ठरलं का तुझं? मला सांगितलं नाहीस."

"नाही ठरलं."

"मग?"

आई दारातून बाहेर आली. मी दोरीची गाठ सोडत बसल्याचं नाटक करत होते. हमालांनी ट्रंक पायरीवर टेकवली होती आणि दोघंही लक्ष देऊन ऐकत होते, जणू त्यांच्याच घरातलं आहे.

"तो माणूस चांगला आहे का नाही ते मला अजून कळायचंय," आत्या म्हणाली. "मी चांगली आहे का नाही ते त्याला कळायचंय. कदाचित जमेल, कदाचित नाही जमणार. पण दादा, जमायचंच झालं तर त्या वेळी मी इथं असायला नको का?"

अप्पांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा खिशात ठेवला. मग पायरीवरची ट्रंक एका बाजूनं स्वतः धरली आणि हमालाला म्हणाले, "तिकडून धर. आधी गावभागात जाऊन येऊ. पुणं काही पळून जात नाही."